पंक्चर काढलं तरी पुन्हा हवा जाते? आधी टायर उलटा करा

कोल्हापूरच्या आसपास नदीकाठच्या गाडीवाटांवर आणि कॅनॉलच्या भरावावर जाड टायरची सायकल चालवणाऱ्या बहुतेकांची एक तक्रार असते, आणि ती शब्दाला शब्द सारखी असते. पंक्चर झालं, वाटेतच ट्यूब बदलली, हवा भरली, चार-पाच किलोमीटर गेलो आणि तेच चाक पुन्हा बसलं. किंवा घरी येऊन नीट पंक्चर काढलं, रात्री टायर टणक होता, सकाळी बघतो तर रिम जमिनीला टेकलेली.

माझ्या सायकलीला एका हिवाळ्यात पाच रविवारांत सहा वेळा हे झालं. माझा फेरा ठरलेला आहे. कसबा बावड्यातून राजाराम बंधारा ओलांडायचा, वडणगे-निगव्याच्या बाजूला मळीच्या रानांतून जाणाऱ्या वाटा धरायच्या आणि ऊन चढायच्या आत घरी यायचं. साधारण तीस किलोमीटर, चढ नाही म्हटलं तरी चालेल. मी आधी ट्यूबला दोष दिला, मग पंपाला, मग टायरला. तीन नव्या ट्यूब घेतल्या. सहाव्या वेळी जवळ ट्यूबच उरली नाही, तेव्हा सायकल ढकलत फाट्यावरच्या पंक्चरवाल्या मामांकडे गेले.

मी ट्यूब काढून त्यांच्या हातात द्यायला लागले तर त्यांनी ती घेतलीच नाही.

"ऱ्हाऊ दे ती. काटा काढलासा का, ताई?"

"काढला की, तिथंच."

"भायेरचा काढलासा. आतला?"

त्यांनी टायर रिमवरून पूर्ण उतरवला, आतली बाजू बाहेर केली आणि गुडघ्यावर दाबून तो इंच इंच वाकवत पुढं सरकवत राहिले. मी त्याच टायरमधून दोनदा बोट फिरवलं होतं आणि मला काहीच लागलं नव्हतं. टायर वाकवल्यावर मात्र रबरातून एक काळं टोक वर आलं, तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याएवढं. वाकवणं सोडलं की ते पुन्हा आत. त्यांनी आतून दाभणानं रेटून बाहेरून चिमट्यानं ओढलं, तर बाभळीच्या काट्याचा नखाएवढा तुकडा निघाला. मग पुढं सरकले आणि अजून दोन काढले. सहा पंक्चरांपैकी निदान चार त्या तीन तुकड्यांनी केली होती, हे नंतर जुन्या ट्यूब टायरशेजारी ठेवून मोजल्यावर मला कळलं.

सगळा घोळ इथं असतो. बाभळीचा काटा टायरात घुसतो तेव्हा त्याचा बाहेरचा भाग पुढच्या दोन-चार फेऱ्यांत मोडून जातो. आपल्याला बाहेरून काही दिसत नाही. आतलं टोक रबरात दडून बसतं आणि चाक हातात असताना ते वर येत नाही. आपण सायकलीवर बसलो, टायर जमिनीला टेकून चपटा झाला, की प्रत्येक फेरीत एकदा ते टोक ट्यूबला टोचतं. म्हणून नवी ट्यूब घातल्यावर लगेच काही होत नाही. तीन-चार किलोमीटर जातात आणि मग हवा जायला लागते. तुमचंही पंक्चर "थोडं गेल्यावर" पुन्हा होत असेल, तर नवीन ट्यूब घ्यायच्या आधी टायर उलटा करून वाकवून बघा.

भोक कुठं आहे, ते आधी बघा

ट्यूबवरचं भोक हा सगळ्यात मोठा पुरावा असतो आणि बहुतेक जण तो बघायच्या आधीच पुसून टाकतात. ट्यूब ओढून काढतात, गोळा करून पिशवीत टाकतात. मग ती कुठल्या बाजूनं बसली होती हे सांगायला काही उरत नाही.

घरी असतानाच एक काम करून ठेवा. टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव बरोबर वॉल्व्हसमोर येईल असा बसवा. ट्यूब काढताना तिची चेनकडची बाजू कुठली, ते पेनानं एका फुलीनं खुणावून ठेवा. आता ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा. वाटेत कानाशी धरून किंवा ओठांजवळून फिरवून सापडतं, घरी पाण्याच्या घमेल्यात. भोक वॉल्व्हपासून किती वीत लांब आहे ते मोजा आणि तेवढंच अंतर टायरवर मोजा. काटा त्या चार बोटांतच असतो. ट्यूबची बाजू लक्षात राहिली नसेल तर वॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना तेवढंच अंतर मोजून दोन्ही जागा तपासा.

मग भोकाकडे नीट बघा.

टायरच्या बाजूला, म्हणजे ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला टाचणीएवढं एकच भोक असेल तर तो काटा, तार किंवा काच. वर सांगितलं ते सगळं याच्यासाठी. टायर वाकवून बघा, आणि शिवाय आतून कापसाचा बोळा फिरवा. बोटाला न जाणवणाऱ्या टोकाला कापसाचा तंतू अडकतो. बोट फिरवायचं असेल तर हळू, कारण तार असली तर चांगलंच कापतं. उसाच्या हंगामात तार जास्त मिळते. ट्रॉल्यांचे जुने टायर झिजले की त्यातल्या केसाएवढ्या लोखंडी तारा वाटेवर पडतात. बैलगाड्यांच्या वाटेवर बैलांच्या पत्र्यांचे खिळेही पडतात, पण खिळा दिसतो तरी. तार दिसत नाही.

ट्यूबच्या एका जागी समोरासमोर दोन छोट्या चिरा असतील तर काट्याचा काही संबंध नाही. हवा कमी होती, चाक कशावर तरी आदळलं आणि ट्यूब टायर व रिम यांच्या मध्ये चेमटली. आपल्याकडे हे दोन ठिकाणी हमखास होतं. एक, बंधाऱ्यावरून वाटेवर उतरताना काँक्रीट संपतं आणि माती खचलेली असते, त्या कडेला. दुसरं, शेतातली पाइपलाइन वाट ओलांडते तिथं. चर बुजवल्यावर मातीचा उंचवटा राहतो, किंवा माती वाहून गेली की पाइपची पाठ वर येते. नदीकाठच्या प्रत्येक जॅकवेलपासून, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीपासून, रानाकडे पाइप जातात, त्यामुळे अशा जागा मोजता येणार नाहीत इतक्या आहेत. तिथं बसून राहू नका. पेडलवर उभं राहून गुडघे सैल सोडा आणि सायकल आपल्या खालून जाऊ द्या.

भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, म्हणजे रिमच्या बाजूला असेल तर टायर शंभर वेळा तपासूनही काही मिळणार नाही. रिमवरची टेप सरकली असेल आणि स्पोकच्या भोकाची कड उघडी पडली असेल. ट्यूब त्या भोकात फुगून जाते आणि कडेला कापते. टेप स्वस्त असते, पूर्ण बदला. चिकटपट्टीचे तुकडे लावून भागवलं तर उन्हात डिंक वितळतो आणि टेप पुन्हा सरकते.

वॉल्व्हच्या बुडाशी चीर असेल तर दोन कारणं संभवतात. हवा फार कमी ठेवल्यानं टायर रिमवर घसरला आणि ट्यूबला सोबत ओढून वॉल्व्ह तिरका झाला. सायकल उभी करून वॉल्व्ह सरळ मध्याकडे बघतोय का, एवढं बघितलं तरी हे कळतं. दुसरं कारण आपल्याकडे जास्त दिसतं. रिमचं भोक मोटारसायकलीसारख्या जाड वॉल्व्हचं, सुमारे साडेआठ मिलिमीटरचं असतं आणि दुकानात मिळाली म्हणून प्रेस्टा म्हणतात त्या बारीक वॉल्व्हची ट्यूब त्यात घातलेली असते. तिला साडेसहा मिलिमीटर पुरतात. उरलेल्या जागेत वॉल्व्ह हलत राहतो आणि भोकाच्या कडेवर ट्यूब कापत जाते. त्यासाठी रबराची छोटी बुशी मिळते. ती नसेल तर जुन्या ट्यूबचा रुपयाएवढा तुकडा मध्ये भोक पाडून वॉल्व्हच्या बुडाशी सरकवा.

आणि भोक सापडलंच नाही तर? मग वॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावून बघा. बुडबुडा आला तर आतली सुई सैल आहे. घट्ट केली की काम झालं.

सराटा आणि बाभूळ, दोघांचा स्वभाव वेगळा

बाभळीचा काटा एकटा येतो आणि खोल जातो. सराटा घोळक्यानं येतो. दोघांचे उपाय वेगळे असल्यानं ओळख हवी.

सराट्याचा वेल जमिनीला चिकटून पसरतो. पावसाळ्यात त्याला पाच पाकळ्यांची छोटी पिवळी फुलं येतात, पुढं फळं धरतात आणि वाळली की फुटतात. एका फळाचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठे काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एक काटा आकाशाकडे राहतो. दिवाळीपासून पुढं कॅनॉलच्या भरावावर, विशेषतः मुरमाच्या कोरड्या कडेला, हे तुकडे पसरलेले असतात. कागलकडे दूधगंगेच्या कालव्याच्या काठानं एकदा उतरून फोटो काढायला म्हणून मी सायकल गवतात टेकवली. परत उचलली तेव्हा पुढच्या चाकात अकरा आणि मागच्यात सात सराटे होते. नुसती टेकवण्यानं एवढे.

यातून मी एक सवय लावून घेतली आहे आणि तिच्यामुळे जितकी पंक्चरं वाचली तितकी कुठल्याच महागड्या टायरनं वाचली नसतील. वाट सोडायची नाही. समोरून उसाची ट्रॉली आली तर चाकोरीतच थांबते, आणि बाजूला व्हावंच लागलं तर सायकल उचलून घेते, ढकलत गवतात नेत नाही. वळायचं असेल तरी उचलूनच वळवते. पाणी प्यायला थांबले तर सायकल मोरीच्या कठड्याला टेकवते. दोन चाकोऱ्यांच्या मधला गवताचा पट्टा मऊ दिसतो, पण सराटा तिथंच वाढतो. ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबली गेलेली चाकोरी खडबडीत असली तरी तीच स्वच्छ.

एवढं करूनही सराट्यांतून गेलात असं वाटलं तर लगेच थांबा आणि चाक हळूहळू फिरवत एकेक वेचून काढा. अर्धा किलोमीटर "बघू पुढं" म्हणत गेलं की वरवर रुतलेले काटे आत जातात. जाड टायरात पहिल्या मिनिटाला बरेचसे नुसते रबरातच असतात, ट्यूबपर्यंत पोचलेले नसतात.

बाभूळ वेगळी. तिचा काटा झाडाखालून गेल्यावर लागतो, पण त्याहून जास्त कुंपणातून येतो. रानात भुईमूग, भाजी असली की शेतकरी बांधावर बाभळीच्या फेसाट्या लावतात, वाटेकडचं खिंडार त्यांनीच बुजवतात. वारं, जनावरं, ट्रॉलीचा धक्का, कशानंही एखादी फांदी वाटेवर येते. कुणी मुद्दाम टाकलेली नसते. ती दिसली तर उतरून उचला आणि पुन्हा कुंपणावर ठेवा. ओलांडून जाऊ नका आणि ओढ्यात भिरकावूही नका. ती वाट आधी त्या शेतकऱ्याची आहे. कॅनॉलचा भराव पाटबंधारे खात्याच्या देखभालीसाठी आहे आणि बांधावरून जाताना आपण कुणाच्या तरी कामाच्या जागेतून जात असतो. मला त्या रानांतून पाणी, ऊस, एकदा तर जॅकवेलच्या सावलीत बसून भाकरीसुद्धा मिळाली आहे. काटा लागला म्हणून त्या माणसांवर चिडावं असं मला कधी वाटलं नाही.

पूर येऊन गेल्यानंतरची वाट हा वेगळाच विषय आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. पावसाळ्यात बंधारा त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो. २०१९ सारख्या वर्षी पाणी ५५ फुटांवर गेलं, तेव्हा आंबेवाडी-चिखलीच्या घरांतलं सामानसुद्धा नदीनं नेलं. पाणी ओसरल्यावर काठावर गाळ बसतो. वरून तो गुळगुळीत दिसतो आणि आत काच, तारा, उपटलेली काटेरी झाडं, पत्रे असं सगळं गाडलेलं असतं. अशा गाळावर कुठलाच टायर टिकत नाही. ट्रॅक्टर-बैलगाड्या चालायला लागून चाकोरी पडेपर्यंत मी तिकडे जात नाही. आणि काळ्या रानात अवकाळी पाऊस झाला असेल तर दोन दिवस तरी थांबा. ती माती टायरला लाडवासारखी चिकटते, त्यात काटे रुतून बसतात, आणि दिसत नसल्यानं वेचताही येत नाहीत.

हवा किती?

गावातल्या दुकानात हवा भरायला सांगितली की टायर अंगठ्यानं दाबून "झाली" म्हणतात. साध्या सायकलीला ते चालतं. चाळीस मिलिमीटरच्या टायरला अंगठा फसवतो, कारण २५ आणि ४० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) दोन्ही अंगठ्याला जवळजवळ सारखेच लागतात. वॉल्व्हवर लावून दाब आकड्यात दाखवणारा मीटर घ्या.

माझं वजन ६२ किलो आहे आणि ट्यूब असताना मी पुढं ३५, मागं ३८ ठेवायची. हे माझे आकडे आहेत. तुम्ही ८० किलोचे असाल तर पाच-सहा वाढवा आणि टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. वर सांगितलेल्या दोन चिरा दिसायला लागल्या तर दोन-दोननं वाढवत जा, चिरा थांबतील तिथं थांबा. फार टणक ठेवल्यानं काटे लागत नाहीत हा समज मात्र चुकीचा आहे. टणक टायर खड्यावर दबत नाही, उडतो, आणि काट्यालाही तो आतच घेतो.

पहाटे भरलेली हवा दुपारी वाढते, हेही लक्षात असू द्या. सकाळी १५ अंश आणि दुपारी ३५ च्या आसपास, असा वीस अंशांचा फरक पडला तर ३८ चे ४१-४२ होतात. त्यानं टायर फुटत नाही, पण जुना पॅच अर्धवट चिकटलेला असेल तर तो इथं सुटतो.

ट्रक-ट्रॅक्टरवाल्या कॉम्प्रेसरवर भरायची वेळ आली तर आकडा तोंडानं सांगा आणि जवळ उभ्या राहा. आपल्या टायरात हवा मावते थोडी आणि ती नळी सोडते फार. प्रेस्टा वॉल्व्ह असेल तर पितळेचा छोटा अडॅप्टर कायम वॉल्व्हवरच चढवून ठेवा. तो घरी राहिला तर खेड्यातला कुठलाही पंप आपल्या उपयोगाचा नाही.

पॅच सुटतोय

बुडबुडे जुन्या पॅचच्या कडेनं येत असतील तर शंभरातल्या नव्वद वेळा घाई झालेली असते. काचकागदानं पॅचपेक्षा बोटभर मोठी जागा घासा, ट्यूबची चमक गेली पाहिजे. ट्यूब नवी असेल तर तिला शंखजिऱ्याची पावडर लागलेली असते, ती पूर्ण पुसा. सोल्युशनचा पातळ थर लावा आणि थांबा. ओलं असताना पॅच ठेवू नका. चार-पाच मिनिटांत थर निस्तेज होतो, बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही, तेव्हा पॅच ठेवून मध्यापासून कडेकडे जोरानं दाबा. मामा पॅच दाबताना पान्याच्या गोल पाठीनं रगडायचे. नंतर ट्यूब टायरबाहेर फार फुगवून "चेक" करू नका, ताजा पॅच ताणानं कडेला उचलतो. चेक करायचं ते टायरात घालून.

टायरचीच भिंत कापली गेली असेल, आणि उसाच्या खोडव्यातून वाट काढताना धसकटानं ती कापली जाते, तर पॅचनं भागत नाही. चिरेतून ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते. दुधाच्या रिकाम्या पिशवीची चार पदरी घडी करून चिरेच्या आतून ठेवा, हवा थोडी कमी भरा आणि घरापर्यंत जपून या. दुधाची पिशवी माझ्या खोगीरपिशवीत कायम असते. तिच्यासोबत एक ट्यूब, दोन लिव्हर, पॅचचं पाकीट, छोटा पंप, भुवयांचा चिमटा आणि डबीत थोडा कापूस. यातला चिमटा बहुतेकांकडे नसतो, आणि सगळ्यांत जास्त गरज त्याचीच पडते. चिमट्याशिवाय सापडलेला काटाही निघत नाही.

कायमचा उपाय विचारणाऱ्यांसाठी

टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची पट्टी मिळते, तिला लायनर म्हणतात. काही जण जुनी ट्यूब उभी चिरून तीच पट्टी म्हणून घालतात. बाभळीला तिचा चांगला उपयोग होतो. पण तिची टोकं धारदार राहिली तर काही महिन्यांनी तीच ट्यूब कापते, आणि मग भोक बाहेरच्या अंगाला दिसत असल्यानं आपण काटा शोधत बसतो. टोकं कात्रीनं गोल करा आणि एकावर एक चढवलेली जागा वॉल्व्हसमोर आणा, म्हणजे संशय आला तर लगेच बघता येते.

ट्यूबच्या आत ओतायचं, भोक आतून बुजवणारं पातळ सीलंट सराट्यावर बरं. वॉल्व्हची सुई निघत असेल तरच ते घालता येतं. मात्र एकदा घातलं की त्या ट्यूबला पॅच नीट चिकटत नाही, कारण भोकातून ओल येत राहते.

मी शेवटी ट्यूबलेस केलं. रिम आणि टायर दोन्ही त्यासाठीचे असतील तरच हा मार्ग धरा, साध्या रिमवर जुगाड करू नका. चाळीसच्या टायरात साठेक मिलिलिटर सीलंट जातं. सराट्याची भोकं ते चाकाच्या एका-दोन फेऱ्यांत बुजवतं. फेसाचे चार थेंब दिसतात आणि थांबतात. हवाही कमी ठेवता येते, मी आता पुढं २८ आणि मागं ३१ ठेवते आणि कॅनॉलच्या मुरमावर हात बधिर होणं बंद झालं आहे. पण आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळतं. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, मार्च ते मे महिन्यातून एकदा चाक हलवून कानाशी धरा. आत खळखळलं नाही तर नवीन घालायची वेळ झाली. माझी मैत्रीण मात्र अजून ट्यूबवरच आहे, मागच्या चाकात लायनर आणि पिशवीत चिमटा, आणि तिचं बरं चाललं आहे. महिन्यातून दोनदा फिरणाऱ्याला ट्यूबलेसची देखभाल जड वाटू शकते. सीलंट विसरलेलं ट्यूबलेस हे ट्यूबपेक्षा जास्त त्रासाचं असतं.

ट्यूबलेस केल्यावर जुनी तक्रार एका नव्या वाटेनं परत येते. गेल्या फेब्रुवारीत प्रयाग चिखलीकडून येताना मागच्या टायरला काचेनं मोठी चीर पडली. सीलंट पुरलं नाही, भोकात खुपसायचा रबरी प्लगही बसेना. मी वॉल्व्ह काढला, दुधाची पिशवी चिरेवर ठेवली, जवळची ट्यूब घातली, हवा भरली. दोन किलोमीटरवर ट्यूब बसली. ट्यूबलेस टायरात वर्षभराचे काटे तसेच रुतलेले असतात. सीलंट त्यांच्याभोवती बसलेलं असतं, म्हणून ते कुणालाच त्रास देत नाहीत आणि आपल्यालाही त्यांची आठवण राहत नाही. ट्यूब आत गेली की ती सगळी टोकं एकदम कामाला लागतात.

मी वाटेच्या कडेला मोरीवर बसले, टायर पूर्ण उतरवला, आतली बाजू बाहेर केली आणि गुडघ्यावर वाकवत पुढं सरकवत गेले. सीलंट कोरड्या फडक्यानं पुसून मगच टोकं दिसतात, हे तेव्हा समजलं. चिमट्यानं एकूण चौदा काढले. त्यातले नऊ सराटे, चार बाभळीचे आणि एक तार. अर्धा तास गेला. मग ट्यूबला तीन पॅच लावले, प्रत्येकी पाच मिनिटं थांबून. घरापर्यंत हवा गेली नाही, आणि सकाळी मीटर लावला तेव्हाही आकडा तोच होता.